टोपलीची उंची

तुम्हा दोघांना,

गेल्या महिन्यात धाकटीनं मला पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरचं एक पान पाठवलं. शाळेच्या प्रकल्पासाठी ती झाडांविषयी काहीतरी शोधत होती आणि त्यात तिला आपलं आडनाव दिसलं. "आजी, हे आपले वाडीवाले आजोबा का? मग त्यांना पेटंट मिळालं का नाही?" असं तिनं विचारलं होतं. मी "हो, तेच" एवढंच उलट कळवलं. बाकीचं दोन ओळींत बसणारं नव्हतं.

तुमच्या बाबांना ही हकिगत अर्धीच ठाऊक आहे, आणि ते अर्धंही चुकीचं आहे. वाडीवाले आजोबा आता नाहीत. त्या अर्जातलं इंग्रजी माझं आहे. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. त्यानंतर काही आठवडे लिहिणं-वाचणं बंद राहील, म्हणून आधी हे लिहून टाकते.

लग्नाच्या आधीपासून मी फोर्टात एका पेटंट एजंटच्या कचेरीत स्टेनो होते. लोकांनी लावलेल्या शोधांचे अर्ज तिथे तयार होत. अर्जाच्या शेवटी 'दावे' असतात. आपलं नेमकं काय आहे, कुठून कुठपर्यंत आहे, हे त्यात सांगायचं असतं. जमिनीच्या हद्दीचे दगड असतात तसंच ते. वर दहा पानं कितीही छान लिहा, दावा धूसर असला तर अर्ज परत येतो. असे शेकडो दावे मी टाइप केले, पण स्वतः एकही लिहिला नव्हता. नोकरी सोडली तेव्हा तुमचे आजोबा बँकेतच होते आणि आम्ही आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहत होतो. घरची वाडी होळी या गावात. ती माझे धाकटे दीर, म्हणजे तुमचे वाडीवाले आजोबा, आणि माझी धाकटी जाऊ बघत. आम्ही बहुतेक रविवारी एसटीनं होळीला जायचो आणि येताना केळी, भाजी, फुलं घेऊन यायचो. दीर घरात बायकोशी आणि आईशी वाडीची बोली बोलत आणि माझ्याशी जपून शाळेतलं मराठी. त्यामुळे इथे त्यांची वाक्यं लिहायला मला अडचण नाही.

नव्वदच्या दशकात वाडीच्या खाडीकडच्या बाजूची विहीर मचूळ झाली. मचूळ म्हणजे पुरतं खारं नाही आणि गोडंही नाही. त्या पट्ट्यातल्या पानवेली आधी गेल्या, मग केळी. बऱ्याच वाड्यांत तेच चाललं होतं. लोक असा पट्टा मोकळा टाकून देत, किंवा विकून टाकत. दिरांनी तिथे चिकू लावायचे ठरवले आणि त्यासाठी एक टोपली केली.

पद्धत अशी. खड्डा खणायचा. वीतभर खाली गेलं की चिमूटभर माती घ्यायची, बोटांत चोळायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि थुंकायची. असं करत करत जिथे माती खारट लागेल तिथे थांबायचं. मग चार बोटं वर यायचं, म्हणजे तेवढी गोडी माती परत टाकायची. तिथपासून जमिनीपर्यंत जेवढी उंची, तेवढी बांबूच्या कामट्यांची बिनबुडाची टोपली तिथेच खड्ड्याच्या काठावर बसून विणायची. टोपलीच्या तळाला नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पालथी घालायची, त्यावर रेती, त्यावर माती आणि त्यात चिकूचं कलम. पालथ्या सोडणांखाली पोकळी राहते. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं खारं पाणी मातीतून वर चढत असतं, ते या पोकळीपाशी अडतं. सोडणं खाऱ्यात बुडाली तर मात्र पावसाळ्याभरात कुजतात आणि मुळं सरळ मिठात जातात. म्हणून उंची महत्त्वाची.

दिरांनी तेवीस कलमं लावली आणि तेवीसही जगली. ही गोष्ट आसपासच्या वाड्यांत पोचली. मग तालुक्यातल्या एका नर्सरीवाल्यानं एकाच मापाच्या तयार टोपल्या विकायला काढल्या. 'होळीच्या वाडीची टोपली' असं तो सांगे.

एका रविवारी मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. दीर मागच्या विहिरीवर होते. साधारण पन्नाशीचा एक वाडीवाला फाटकातून आत आला. तो उत्तरेकडच्या एका गावचा होता.

"टोपलीवाले शेठ आहेत का घरात?"

दीर हात पुसत पुढे आले. "शेठ कोण?"

"तुम्हीच की. तुमच्या टोपलीनं माझी चाळीस कलमं खाल्ली. म्हटलं, एवढी भूक कुणाची, जरा बघून तरी यावं."

"माझ्याकडून घेतलीत टोपली?"

"नर्सरीतून घेतली. तो म्हणाला, तुमचीच पद्धत. तुम्हीच शिकवली त्याला."

"मी त्याचं तोंडही बघितलं नाही."

"तो तर तुमचं नाव घेऊन विकतो. आता दोघांपैकी खोटं कोण, ते आम्ही कुठे शोधत बसायचं?"

जावेनं चहा आणला. "चहा नको, बाई," तो म्हणाला, "चहानं कलमं उगवत नाहीत." आणि निघून गेला. दिरांनी पुन्हा हात धुतले, जरी ते स्वच्छच होते.

त्या आठवड्यात ते आचोळ्याला आमच्याकडे आले. एरवी सणाशिवाय ते कधी येत नसत.

"वहिनी, तुम्ही त्या पेटंटच्या हापिसात होतात. माझं लिहून द्या. लोकांना कागद दाखवता आला पाहिजे, की माझी टोपली ही, आणि ती दुसरी माझी नव्हे."

तुमचे आजोबा पेपरामागून म्हणाले, "टोपलीला पेटंट? उद्या खुरप्याला मागशील."

"दादा, तू तुझी बँक बघ."

मी होकार दिला. त्यांना त्यातून दुसरं काही नको होतं, हे मला त्या दिवशीही कळत होतं. वाडीवाल्यांमध्ये माणसाची पत त्याच्या झाडांवरून ठरते. त्यांच्या नावावर आता दुसऱ्यांची मेलेली झाडं जमा होत होती.

मी माझ्या जुन्या साहेबांना भेटले. तेही तेव्हा निवृत्त होऊन घरूनच थोडं काम करत. त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं की आपल्या कायद्यात शेतीच्या किंवा बागायतीच्या पद्धतीला पेटंट नाही, तेव्हा झाड लावायची पद्धत मागू नका, वस्तू मागा. म्हणून आम्ही टोपली मागितली. दिरांना मी जेवणाच्या टेबलाशी बसवलं, त्यांनी सांगितलं ते लघुलिपीत उतरवून घेतलं आणि चार दिवसांत अर्ज तयार केला. मुख्य दाव्यात टोपलीच्या उंचीपाशी मी लिहिलं की ती 'त्या जागच्या मातीला योग्य अशी' असावी. इंग्रजीत ते वाक्य चांगलं उतरलं होतं. 'योग्य' हा शब्द दाव्यात चालत नाही हे मला अनेक वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. तरी मी तो ठेवला, कारण खरंच प्रत्येक खड्ड्यातल्या टोपलीची उंची वेगळी होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही. साहेबांनी तिथे पेन्सिलीनं खूण केली आणि म्हणाले, "जाऊ दे, तपासणीत बघू."

बऱ्याच काळानं तपासणीचं पत्र आलं. पत्रात नवेपणाबद्दल फारशी हरकत नव्हती. हरकत होती ती उंचीवर. योग्य म्हणजे कुणाच्या मते योग्य? उंची आकड्यात सांगा, नाहीतर दुसऱ्या कुणालाही ती ठरवता येईल अशी रीत द्या. दिलेल्या मुदतीत समाधानकारक उत्तर आलं नाही तर अर्ज सोडून दिला असं समजण्यात येईल.

मी टेप घेऊन होळीला गेले. लावलेल्या टोपल्यांचे काठ जमिनीबरोबर दिसत होते, म्हणून खाली गज घालून तेवीसही टोपल्यांची खोली मोजली आणि वहीत तक्ता केला. सर्वांत लहान टोपली गुडघ्याएवढी, सर्वांत मोठी कमरेएवढी. साहेब तक्ता बघून म्हणाले, "एवढा मोठा पल्ला दिलात तर ते पुन्हा 'योग्य उंची'च झालं."

"मग चव लिहू का? खारट लागेपर्यंत खणणे?"

"जीभ कुणाची?" साहेब म्हणाले. "तुमच्या दिरांची की माझी? मला साखरेच्या चहाशिवाय कशाचीच चव लागत नाही."

मग ठरलं की जिभेऐवजी प्रयोगशाळा. वेगवेगळ्या खोलीवरची माती तपासून घ्यायची, मीठ किती खोल आहे ते त्यांच्याकडून लेखी घ्यायचं आणि त्यावरून उंची आकड्यात बसवायची. अहवालाला वेळ लागणार होता, म्हणून मुदत वाढवून घेतली. ती एकदाच वाढवता येत होती.

माती घ्यायला मी एक रविवार ठरवला. दीर त्या दिवशी एका लग्नाला गेले होते, पण मला वाटलं की त्यांची गरज नाही, उलट त्रयस्थ माणसानं घेतलेले नमुने जास्त बरे. मी लेबलं लावलेल्या पिशव्या, टेप आणि वही घेऊन गेले. खणायला जाऊ होती. कुदळ हातात घेऊन ती म्हणाली, "ताई, आज अष्टमी आहे. आजच घ्यायची का?"

मला वाटलं ती उपासाबिपासाचं बोलते आहे. मी म्हटलं, "मला अष्टमीचं काही नसतं गं. तुझा उपास असला तर तू बस, मी खणते."

"उपास नाही," ती म्हणाली. आणि खणायला लागली.

आमच्या घरात थोरल्या जावेनं एकदा सांगितलं की धाकटीनं दुसऱ्यांदा विचारायचं नाही, अशी रीत होती. ती कुणी शिकवलेली नव्हती, मीही कधी मागितली नव्हती, पण तिचा फायदा मी वर्षानुवर्षं घेत आले होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या पिशव्या भरल्या. काम नीटनेटकं झालं याचं मला समाधान होतं.

अहवाल स्वच्छ आला. सगळ्या नमुन्यांत मीठ जवळजवळ एकाच खोलीवर सुरू होत होतं. माझ्या तक्त्यातला एवढा मोठा पल्ला एकदम वीतभर जागेत आला. मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. टोपल्या लहानमोठ्या होत्या हा दिरांच्या हाताचा दोष असावा, असंही मी तेव्हा मनात म्हटलं. नवा दावा आकड्यांसह टाइप केला. साहेब खूश झाले. फक्त दिरांची सही राहिली होती. मुदत शुक्रवारी संपत होती आणि मी बुधवारी दुपारी होळीला गेले.

दिरांना मी सगळं मराठीत वाचून दाखवलं. आकड्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"हे माप कुठलं?"

"प्रयोगशाळेचं. आपल्याच मातीचं."

ते उठले, हातानं कमरेशी एक रेघ दाखवली. "एवढा खोल मी फार तर दोन-तीनदा गेलो असेन. माती घेतलीत कधी?"

"तुम्ही लग्नाला गेला होतात, त्या रविवारी."

"तिथी कोणती होती?"

जाऊ दारात धान्य पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "अष्टमी."

दीर खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते टेबलाशी बसून सांगायचं राहून गेलेलं होतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, तेव्हा जमिनीतलं खारंही वर चढतं, खाडीजवळ जास्त, लांब कमी. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, भरती कमी चढते, तेव्हा खारं खाली बसलेलं असतं. टोपलीची सोडणं वर्षभर कोरडी राहायची तर खारं सर्वांत वर असताना माती चाखली पाहिजे. ते खड्डे नेहमी उधाणालाच खणत.

"हे मला आधी का नाही सांगितलंत, भावोजी?"

ते आतल्या खोलीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "आई आत आहे ना."

माझ्या सासूबाई तेव्हा हयात होत्या. अमावास्येला जमिनीला लोखंड लावायचं नाही, हे त्यांचं लग्न होऊन या घरात आल्यापासूनचं होतं. दीर अमावास्येला पाट साफ करतो असं सांगून मागच्या पट्ट्यात जात आणि खड्डे खणून येत. पौर्णिमेचं सांगायला हरकत नव्हती, पण एक सांगितलं असतं तर दुसरं निघालं असतं. म्हणून त्यांनी तिथीचा विषयच काढला नव्हता. माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

"मग आता?" मी विचारलं. पुढचं उधाण आठवड्यावर होतं आणि अहवालाला तीन आठवडे लागत. मुदत परवा संपत होती.

"या मापाची टोपली लावली आणि झाड मेलं, तर ती टोपली माझी ठरणार?"

"हो. कागदावर तरी तीच तुमची."

"नर्सरीवाल्याची टोपली एवढीच आहे, वहिनी. मी मोजली आहे. त्यानंही असंच कधीतरी भांगाला खणून बघितलं असणार."

मी बराच वेळ त्यांना समजावलं. अर्ज हातचा जाईल. आकडा थोडा चुकला तरी नाव लागेल. मंजूर झालं की लोक आकडे बघत नाहीत, सरकारी शिक्का बघतात. हे शेवटचं वाक्य मी खरंच बोलले, आणि ते मला आजही आठवतं. त्यांनी कागद घडी मोडू न देता मला परत दिले.

"शिक्का बघूनच तर लावतील," ते म्हणाले. सही केली नाही.

शुक्रवार गेला. अर्ज सोडून दिला असं समजण्यात आलं. तुम्हाला संकेतस्थळावर दिसलं ते हेच. तुमच्या बाबांना मी त्या वेळी सांगितलं होतं की प्रयोगशाळेनं घोळ केला. तसं नव्हतं. प्रयोगशाळेनं मी दिलेली माती बरोबरच तपासली होती.

पुढचे दोन रविवार मी होळीला गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा जावेला विचारलं की तू मला परत का नाही बोललीस. ती म्हणाली, "तुम्ही वहीत लिहीत होतात. मला वाटलं, इंग्रजीत चालत असेल अष्टमी." ती हसली नाही, त्यामुळे मीही हसले नाही. त्यानंतर मी तिला सांगितलं की दुसऱ्यांदा बोलत जा. तिला ते जमायला काही वर्षं लागली, पण जमलं. आता ती तिसऱ्यांदाही बोलते.

दिरांनी मात्र एक केलं. पुढच्या पौर्णिमेला ते कुदळ आणि कामट्या घेऊन त्या उत्तरेकडच्या माणसाच्या वाडीत स्वतः गेले. काय झालं ते नंतर त्या माणसानंच आम्हाला सांगितलं. दिरांनी खड्डा खणला, माती त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या जिभेवर."

"मी?"

"झाड तुमचं, जीभ तुमची. गिळू नका, नाहीतर म्हणाल टोपलीवाल्यानं माती खायला घातली."

तीन खड्ड्यांत त्याला फरक कळायला लागला. पुढची कलमं त्यानं स्वतःच्या जिभेनं लावली. मग तो आणखी दोघांना घेऊन आला. जो येईल त्याला दीर एकच अट घालत. उधाणाच्या दिवशी या. त्यामुळे अमावास्येचं सासूबाईंना कळलंच. त्या दिरांशी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी चिकू मागितले. नर्सरीवाला आणखी काही वर्षं टोपल्या विकत राहिला, दिरांचं नाव घेऊनच. त्याला कुणी थांबवलं नाही. पण टोपली कुणाची हे ज्यांना कळायला हवं होतं, त्यांना कळलं होतं. दीर त्यानंतर कागदाचं कधी बोलले नाहीत. माझ्याबद्दल त्यांची काही तक्रार होती का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता काय आहे ते सांगते. वाडीचा रस्त्याकडचा भाग गेला आणि तिथे इमारत उभी आहे. खाडीकडचा पट्टा अजून आपला आहे. तेवीस चिकूंपैकी चार खाडीकडचा रस्ता रुंद करताना काढावे लागले, एकोणीस उभे आहेत आणि फळं देतात. जावेच्या गुडघ्यांमुळे खणायला माणूस लावावा लागतो, पण माती तीच चाखते. होळीत आणि आसपासच्या चार-पाच वाड्यांत टोपली अजून खड्ड्याच्या काठावर बसूनच विणतात.